डोळ्यांतलं पांढरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. शुभाला — जिच्याशी मी शाळेपासून सगळं बोलत आले — तिलाही नाही. एकदा तिला सांगणार होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "जरा पाणी दे गं." ती पाणी घेऊन येईपर्यंत धीर सरला होता.

मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, आणि तरी समोर बसला आहात. एवढं कारण मला पुरतं.

पण एक आधीच सांगून टाकते — मी दुःखी बाई नाही. हे ऐकून तुम्हाला वाटेल की बिचारी इतकी वर्षं आतल्या आत जळत राहिली असेल. छे! माझं चांगलं चाललंय. झोप लागते, भूक लागते, नवरा बरा आहे, मुलगी माझ्यापेक्षा शहाणी आहे. आणि हे सगळं तेव्हाही बरंच चाललं होतं, ती गोष्ट केल्यावरसुद्धा. माणूस चुकतो आणि मग रात्रंदिवस तळमळतो, असं आपण ऐकत आलेलो असतो ना? मी तळमळले नाही. हेही कबुलीतच धरा.

मी रोह्याची. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही हकीकत. आमच्या आळीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी पहिली मुलगी, आणि ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानावर पडेल याची मी पुरेपूर व्यवस्था केलेली होती. वडील एमआयडीसीत शिफ्टला जायचे. मी एखाद्या कंपनीच्या ऑफिसात चिकटावं, एवढीच त्यांची इच्छा. मला मात्र इंटरनेटचं खूळ लागलेलं. वेबसाइट बनवायच्या म्हणे! रोह्यात त्या वेळी हे कुणाला सांगितलं की लोक विचारायचे, "मग पगार कोण देणार?"

पेणला माझी आत्या राहायची. इंदूआत्या — वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही. तिने आपला सगळा जीव माझ्यावर टाकलेला. ती एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साच्यातून मूर्ती निघाली की घासायला एक हात, अंगाच्या रंगाला दुसरा, पीतांबर-शेल्याला तिसरा. पण डोळे एकाच माणसाचे. आखणी करणारं माणूस बसलं की शेजारचे लोक रेडिओ बारीक करतात, कुणी खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोकतो.

आत्या ब्रश उचलण्याआधी हात जोडायची नाही. मूर्तीच्या सोंडेवर हलकीच टिचकी मारायची आणि म्हणायची, "बस आता गप." मग भुवई, मग पापणीची रेघ, मग बुबुळ, कोपऱ्यात लाल रंगाचा नुसता स्पर्श, आणि सगळ्यात शेवटी बुबुळावर पांढऱ्याचा एक ठिपका. त्या ठिपक्यासाठी तिचा वेगळा ब्रश होता, केस झडून झडून अगदी टोकापुरता उरलेला. तो ठिपका पडला की मूर्ती आपल्याकडे बघायला लागायची. लहानपणी मी त्या क्षणी तिच्या पाठीमागे लपायचे.

कारखान्याचे मालक अप्पा. भला माणूस, फक्त काळजी करण्याची हौस दांडगी. त्यांची मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली होती — तिला सगळे ताई म्हणायचे. तिथल्या मराठी मंडळींना पेणचे गणपती पाठवायचा तिचा खटाटोप. फोटो लावून वेबसाइट केली तर लोक घरबसल्या मूर्ती निवडतील, हे तिनेच अप्पांच्या डोक्यात भरवलं. अप्पांनी आत्याला विचारलं, तुमची भाची ते कॉम्प्युटरचं काहीतरी करते ना? आत्या म्हणाली, "करते म्हंजे? तिच्याबिगर त्यांचं पान हलत नाय!" कुणाचं पान, हे तिला तरी कुठे माहीत होतं? पण तेवढ्यावर मला काम मिळालं. सोमवारच्या गाडीने पेणला जायचं, आठवडा आत्याकडे काढायचा, शनिवारी रोह्याला परत.

हे मुद्दाम सांगते आहे. मला काम मिळालं ते तिच्या शब्दावर. विसरू नका. मी विसरले होते.

दिवाळीनंतर वेबसाइट उभी राहिली. परदेशी गणपती बोटीने जातात, त्यामुळे त्यांची गडबड आपल्या गणपतीच्या कितीतरी आधी, थंडीतच सुरू होते. आत्याने नमुन्याच्या मूर्ती केल्या, मी त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवले, आणि आम्ही वाट बघत बसलो. ताईचा निरोप आला — पान उघडतच नाही. त्या काळी पान उघडणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. फोनची लाइन जोडायची, मोडेम किंचाळायचा, आणि मग मूर्तीचा फोटो वरून खाली रेघेरेघेने उतरायचा. आधी मुकुट. मग थांबायचं. मग कपाळ. मग लाइन कटायची. ताईने लिहिलं होतं, लोक मुकुट बघूनच कंटाळतात, पोटापर्यंत कुणी पोचत नाही.

अप्पांना काळजी लागली आणि माझ्या अंगात संचारलं.

प्रत्येक फोटो एकेक करून हाताने लहान करत बसायचं? ते कारकुनी काम, आणि मी करू होय? मी ठरवलं की सर्व्हरनेच ते आपलं आपण करावं. सर्व्हर म्हणजे अमेरिकेतला एक भाड्याचा कॉम्प्युटर, ज्यावर आमची पानं ठेवलेली असायची. कुणी पान मागितलं की ते बाहेर पडण्याआधी माझा प्रोग्रॅम त्याला दारातच अडवणार, रिकाम्या जागा आणि फालतू ओळी काढून टाकणार, फोटो हलके करणार, आणि मगच पुढे सोडणार. माणसाने काही करायचंच नाही, काही बघायचंही नाही. काय भारी वाटलं होतं मला ते — काही बघायचंही नाही!

फोटो हलका करायचा तर त्यातले रंग कमी करायचे. पण कुठले? मी नियम घातला: जो रंग चित्रात सगळ्यात कमी जागा घेतो, तो काढून टाक आणि तिथे शेजारचा मोठा रंग भर. हे सुचलं तेव्हा मी आत्याच्या ओटीवर पोहे खात होते. इतका आनंद झाला की बशी तशीच टाकून कारखान्याकडे पळाले, आणि आत्या मागून ओरडत राहिली, "खाऊन तरी जा गो!"

आता तुम्हीच सांगा, गणपतीच्या मूर्तीत सगळ्यात कमी जागा कुठला रंग घेतो? गुलाबी अंग चांगलं ऐसपैस, पीतांबर ऐसपैस, मुकुटाचं सोनेरी भरपूर. आणि डोळ्यांतलं पांढरं? बुबुळावरचा तो ठिपका? कोपऱ्यातला लाल? ते सगळं मिळून नखाएवढं नाही. माझ्या प्रोग्रॅमने ते काढलं आणि तिथे अंगाचा गुलाबी भरला. पेणमध्ये जन्म काढलेल्या बाईची भाची मी, मूर्तीत सगळ्यात लहान काय असतं हे मला सुचू नये?

नाही सुचलं. आणि दिसलंही नाही. कारखान्यातल्या कॉम्प्युटरने ते फोटो आधीपासून स्वतःजवळ साठवून ठेवलेले होते. मी वेबसाइट उघडली की तो मला तेच, जुने, चांगले फोटो दाखवायचा. मी म्हणायचे, वा! पान कसं पळतंय! अप्पा म्हणायचे, वा! तिकडून ताईनेही कळवलं की आता पान झटक्यात उघडतं, तिच्या नवऱ्याने — तो कॉम्प्युटरमधलाच — खास विचारलंय की हे केलं कुणी. अप्पांनी सगळ्या कारखान्याला भजी खाऊ घातली. आत्याने माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या.

मग माघात ताईचा दुसरा निरोप आला. पान छान उघडतं, पण मूर्तींचे डोळे या वर्षी कसे तरीच दिसतात. झोपाळू, मेल्यासारखे. गेल्या वर्षी ज्यांनी मूर्ती घेतल्या तेच लोक विचारताहेत, की त्या आखणी करणाऱ्या बाई आता नाहीत का?

तुम्ही म्हणाल, कुणाला फोटोचा संशय कसा आला नाही? पण कुणाला येणार? कारखान्यात माती बिघडते, रंग बिघडतो, हात बिघडतो. फोटो बिघडला तर काळा येतो किंवा हललेला येतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण फोटो बाकी सगळा नीट आणि फक्त डोळे मेलेले, असं कधी कुणी ऐकलंय? डोळे वाईट म्हणजे आखणी वाईट. पेणमध्ये याला दुसरा अर्थच नाही. त्या क्षणी मलाही दुसरं काही वाटलं नाही, हे मात्र शपथेवर सांगते. तोवर मी निर्दोष होते.

अप्पा रंगाच्या डब्यावर बसले, आत्याच्या समोर. आधी मातीची चौकशी केली, मग रंगाची. शेवटी म्हणाले, "इंदूबाई, चष्मा एकदा बदलून बघायचा काय?"

"मागल्या पावसात बदललाय अप्पा. का?"

अप्पांनी सांगितलं. आत्या उठली आणि नमुन्याच्या मूर्तींसमोर जाऊन उभी राहिली. अप्पाही गेले, मीही गेले. आम्ही तिघं बघत होतो. आणि एकदा कुणी सांगितलं ना, की मग दिसायला लागतं. अप्पांना डावा डोळा पडल्यासारखा दिसला. मलाही दिसला! आत्या एकेका मूर्तीपुढे थांबत गेली, आणि शेवटच्या मूर्तीपाशी स्वतःच म्हणाली, "व्हय अप्पा. हाय काहीतरी."

काही नव्हतं हो. त्या मूर्ती तिच्या हातून झालेल्या सगळ्यात सुरेख मूर्तींपैकी होत्या.

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. माझं समाधान झालं; तिचं नाही झालं. परत येताना म्हणाली, "नजर चांगली हाय, मंग हात गेला असंल." आणि दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन अप्पांच्या पुतण्याला, विलासला, हाक मारली आणि तो टोकापुरता उरलेला ब्रश त्याच्या हातात दिला. विलास बरा मुलगा होता, त्याचं लग्न नुकतंच झालेलं. तो तिच्या पाया पडला आणि त्याला रडू आलं. आत्या म्हणाली, "रडतोस काय? नीट काढ." त्या दिवसापासून ती पीतांबराच्या किनारी रंगवायला बसली. बसायची तीही भिंतीकडे तोंड करून, म्हणजे विलासची आखणी तिला दिसू नये.

इथपर्यंत सगळं सांगायला सोपं होतं. आता जरा थांबते.

शिमग्याला मी रोह्याला गेले. शुभा तेव्हा एका ऑफिसात कामाला लागली होती आणि तिथे इंटरनेटची लाइन होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले — कशाला? मिरवायला! बघ, माझी वेबसाइट कशी पळते. तिच्या कॉम्प्युटरवर आमचं पान पहिल्यांदाच उघडत होतं, त्याच्याजवळ साठवलेलं काही नव्हतं. आणि पान आलं झटक्यात.

मूर्ती आत्याच्या होत्या. डोळे नव्हते. म्हणजे होते, पण पांढरं नव्हतं, ठिपका नव्हता. पापणीच्या रेघेखाली अंगाचाच गुलाबी रंग भरलेला आणि त्यात एक मळकट बुबुळ. कुणीतरी झापड आल्यासारखा बसलेला गणपती.

मला कळायला किती वेळ लागला असेल? डोळ्याचं पातं लवतं तेवढासुद्धा नाही. नियम माझाच होता ना. शुभा म्हणाली, "छान आहे गं." मी म्हणाले, "हो." आणि डबा खाल्ला. सगळा खाल्ला, कोलंबीचं कालवण होतं.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? दुपारची गाडी पकडून पेणला गेला असतात. अप्पांना म्हणाला असतात, अप्पा, चूक माझी, इंदूआत्याचा हात शाबूत आहे. अप्पा दोन शब्द बोलले असते, मग हसले असते. आत्या तर नक्कीच हसली असती. बोटीचा माल अजून रंगायचा होता. ब्रश विलासकडून परत तिच्याकडे आला असता आणि आम्ही हा किस्सा पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिलो असतो. एवढंच होतं हो. यात माझं काय जाणार होतं?

मी काय केलं ते सांगते. पेणला गेले, पण सोमवारी, नेहमीच्या गाडीने. प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली की बाकी सगळं कर, फोटोंच्या रंगांना हात लावू नको; आणि फोटोंची नावं बदलली, म्हणजे कुणाच्या कॉम्प्युटरने साठवलेले जुने दाखवू नयेत. पान किंचित जड झालं, पण एव्हाना बाकीची काटछाट इतकी झाली होती की कुणाला जाणवलं नाही. मनाशी म्हणाले, आधी दुरुस्त तर करू, मग सावकाश सांगू.

आणि लगेच ताईचा निरोप आला. अप्पांनी तो कारखान्यात मध्यभागी उभं राहून मोठ्याने वाचला. डोळे बघितले, असं लिहिलं होतं तिने, आता कसे जिवंत झालेत, समोर उभं राहवत नाही. ज्याने काढले त्याला माझा नमस्कार सांगा. सगळ्यांनी विलासकडे बघितलं. विलास कानापर्यंत लाल. अप्पा माझ्याकडे वळले.

"विलासच्या मूर्तींचे फोटो चढवलेस ना गो?"

विलासच्या मूर्तींचा रोल अजून स्टुडिओतून धुऊन आलेलाच नव्हता. वेबसाइटवर होते ते आत्याच्याच मूर्तींचे फोटो, थंडीत काढलेले, तेच. ताईने नमस्कार सांगितला होता तो आत्याला.

मी मान हलवली. हो म्हणून.

तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही, नुसती मान. आत्या किनारीचं काम ठेवून उठली, विलासपाशी गेली आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बघ, बोलले होते ना!" स्वतःच्या हाताचं कौतुक तिने दुसऱ्याचं म्हणून ऐकलं, आणि मनापासून आनंदाने ऐकलं. पुढच्या आठवड्यात रोल धुऊन आला. मी विलासच्या मूर्तींचे फोटो चढवले, जुने काढून टाकले. आता कुणाला काही कळायची सोयच उरली नाही.

का केलं? मला ताईच्या नवऱ्याच्या ओळखीने पुण्याच्या एका कंपनीत बोलावणं यायचं होतं, ते याच प्रोग्रॅमच्या जोरावर. म्हणून? थोडं तेही असेल. पण खरं सांगू, नोकरीची भीती नव्हती. मला लाज वाटत होती. आळीतली हुशार मुलगी, ओवाळून घेतलेली, भजी खाल्लेली — आणि तिने देवाचे डोळे पुसले! लोक हसले असते, ते मला नको होतं. बास. एका बाईचं आयुष्यभराचं काम एका पारड्यात, आणि चार लोकांचं हसू दुसऱ्या पारड्यात. मी हसू टाळलं.

पण थांबा. मी म्हणाले होते ना की हे कुणाला सांगितलेलं नाही. ते हे नव्हे. एवढंच असतं तर मी शुभाला केव्हाच सांगितलं असतं. तरुण होते, घाबरले, मान हलवली. त्याच्यापुढे एक आहे.

वर्ष उलटलं. मला पुण्याची नोकरी लागली होती, कागदपत्रं हातात होती, अप्पांचं काम मी दुसऱ्या मुलीला शिकवून मोकळी झाले होते. निघण्याआधी आत्याकडे राहायला गेले. ती ओटीवर पापड वाळत घालत होती, मी काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. छान ऊन होतं. आत्या मजेत होती, शेजारणीच्या सुनेच्या नकला करत होती, मी हसून हसून वाकडी. आणि मधेच थांबून तिने विचारलं.

"सुनू, एक विचारू? तू ते फोटो बघितलेस. माझा हात खरंच गेला होता गो?"

तेव्हा माझं काय जाणार होतं? नोकरी पक्की. अप्पांशी संबंध संपलेला. हसायला ओटीवर कुणी नाही, कावळ्यांशिवाय. तिने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, मला विचारलं, कारण तिच्या लेखी मला त्यातलं सगळं कळत होतं. आणि ती उत्तराची वाट बघत होती. हातात पापड तसाच.

मी म्हणाले, "वयाने होतं गं तसं, आत्या. थोडा गेला होता."

हे ते.

मान हलवताना मी घाबरलेली होते. हे बोलताना घाबरलेली नव्हते, रागावलेली नव्हते, घाईत नव्हते. ऊन छान होतं आणि मला ते बिघडवायचं नव्हतं. सुखात होते म्हणून खोटं बोलले. असं कुणी बोलतं का? मी बोलले. आवाजसुद्धा किती मायेचा काढला होता!

आत्याने सुस्कारा टाकला. सुटल्यासारखा. म्हणाली, "बरा झाला सांगितलास. मला उगाच वाटत होता, अप्पांनी पुतण्यासाठी केलान की काय. वर्षभर राग धरून बसले होते त्यांच्यावर. वाईट झाला तो." त्याच संध्याकाळी पापडांचा डबा घेऊन ती अप्पांकडे गेली, आणि दोघं पुन्हा पूर्वीसारखी बोलायला लागली. माझ्या खोट्यामुळे एक भांडण मिटलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवत होते. पण मुळात अप्पांवरचा तो राग कुणामुळे होता?

मी पुण्याला गेले. पानं लवकर उघडावीत म्हणून सर्व्हरवरच त्यांची काटछाट करायची — हेच माझं काम झालं, नाव झालं, घर त्यावर झालं. हाताखालच्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते, प्रोग्रॅमवर विसंबू नका, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पान बघा. मुलांना वाटतं, मॅडम किती बारकाईच्या! मी त्यांना तसं वाटू देते.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत हसतीखेळती होती. किनारी रंगवण्यातही तिने नाव काढलं, चार मुली तिच्या हाताखाली तयार झाल्या. पण आखणीचा ब्रश तिने पुन्हा हातात घेतला नाही. एका गणपतीत विलास आजारी पडला तेव्हा अप्पा स्वतः तिला बोलवायला आले होते, तरी नाही. म्हणाली, देवाचे डोळे आहेत, माझ्या हातून बिघडतील.

माझी मुलगी झाली तेव्हा ती पुण्याला आली होती, माझं बाळंतपण करायला. बाळाला रोज तेल लावायची, पायांवर घेऊन अंघोळ घालायची, दुपट्यात घट्ट गुंडाळायची. एके सकाळी अशीच अंघोळ झाल्यावर तिने काजळाची डबी उघडली, बोट काजळात बुडवलं, बाळाच्या डोळ्यापर्यंत नेलं आणि तिथेच थांबली.

"तूच घाल गो," ती म्हणाली. "माझा हात हलतो. डोळा बिघडायचा पोरीचा."

हात हलत नव्हता. मी शेजारीच बसले होते, मला दिसत होतं. बाळाच्या पापणीजवळ तिचं बोट अगदी स्थिर होतं. मी डबी तिच्याकडून घेतली आणि मुलीला काजळ मीच घातलं.